कोठार, बहिली आणि गॅरेज

गेल्या खंडेनवमीस आम्ही घरातील हत्यारे पूजेसाठी काढू लागलो. कोयता, कुदळ, पहार, करवत, रंधा, पटाशी अशी वडिलोपार्जित हत्यारे आपल्याकडे आहेत, एवढे आम्हांस ठाऊक होते. ती कोठे आहेत, हे मात्र घरात कोणासही सांगता येईना. अखेर शोध गॅरेजपाशी येऊन थांबला. नवे घर बांधले तेव्हा मोटारीसाठी म्हणून जी खोली काढली, तिच्यात मोटार शिरणे केव्हाच बंद झाले होते. मोडकी सायकल, रंगाचे अर्धवट डबे, फुटक्या कुंड्या, माटोळीची लाकडी चौकट, लग्नकार्यातील मोठी पातेली आणि कोणी, केव्हा व कशासाठी ठेवली हे न उमगणारी असंख्य खोकी यांनी ती तुडुंब भरली होती. हत्यारे सापडली. परंतु त्यांच्या तळाशी एक लाकडी पेटीही सापडली. ग्रामदेवतेच्या उत्सवाचे जमाखर्च आमच्या आजोबांनी ज्या वह्यांत स्वहस्ते लिहून ठेवले होते, त्या वह्या त्या पेटीत होत्या. पेटी थेट जमिनीवर, ओल धरलेल्या भिंतीला टेकून ठेवलेली. सात वह्यांपैकी दोन वाचण्याजोग्या राहिल्या होत्या. पाच वाळवीने खाल्ल्या.

या वह्या आजोबांच्या जुन्या घरी, माळ्यावरच्या फडताळात, अनेक पावसाळे सुखरूप राहिल्या होत्या. त्या घराला ना सिमेंटचा गिलावा होता, ना लोखंडी कपाटे. मग तेथे जे टिकले ते आमच्या पक्क्या घरात का टिकू नये, हा प्रश्न आम्हांस स्वस्थ बसू देईना. त्याचे उत्तर शोधताना असे दिसून आले की, वस्तू कोठे व कशी ठेवावी, हा आपल्याकडे एके काळी घरगुती टापटिपीपुरता विषय नव्हता. ते राज्यशास्त्राचे अंग होते, शेतीचे होते आणि देवस्थानाच्या कारभाराचेही होते. त्या इतिहासाचा थोडा मागोवा वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

आरंभ कौटिलीय अर्थशास्त्रापासून करणे इष्ट होय. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात सन्निधाता नामक अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. त्याने कोशगृह, पण्यगृह, कोष्ठागार, कुप्यगृह आणि आयुधागार अशी निरनिराळी घरे बांधावयाची असत. कुप्यगृह म्हणजे लाकूड, वेत, कातडी, धातू इत्यादी कच्च्या मालाचे कोठार. म्हणजे धान्य एका ठिकाणी, शस्त्रे दुसऱ्या ठिकाणी आणि कारागिरीचा माल तिसऱ्या ठिकाणी, ही विभागणी त्या काळीच रूढ होती. कोष्ठागारात पर्जन्यमापनासाठी एक कुंड ठेवावे, असेही तेथे सांगितले आहे. पाऊस किती पडला हे ज्यास कळते, त्यासच पुढील साठ्याचा अदमास बांधता येतो.

पुढे कोष्ठागाराध्यक्षाचा अध्याय येतो. त्यातील नियम इतके व्यवहारी आहेत की, ते आजच्या गृहिणीनेही मान्य करावेत. धान्य उंचावर ठेवावे, गूळ-साखरेचे जिन्नस गवताच्या घट्ट विणलेल्या आवरणात बांधावेत, तेल-तूप मातीच्या किंवा लाकडाच्या पात्रांत असावे आणि मीठ जमिनीवर ठेवावे, असा त्यांचा आशय आहे. प्रत्येक वस्तूचा स्वभाव पाहून तिची जागा ठरविली आहे. याखेरीज आणखी दोन नियम आहेत. साठ्याचा अर्धा भाग प्रजेच्या आपत्काळासाठी राखून अर्धाच वापरावा, हा एक. नवे आले की जुने आधी वापरून काढावे, हा दुसरा. दुसरा नियम आजच्या मोठमोठ्या गुदामांतही पाळला जातो. आमच्या गॅरेजमध्ये मात्र तो उलटा चालू होता. नवे डबे पुढे येत होते आणि जुने मागे वाळत होते.

मराठी राज्यात ही परंपरा अठरा कारखाने व बारा महाल या नावांनी दिसते. खजिना, जवाहिरखाना, अंबरखाना, जामदारखाना, तोफखाना, दफ्तरखाना, दारूखाना, पीलखाना, नगारखाना, मुदबखखाना ही त्यांतील काही नावे. अंबरखाना धान्याचा, जामदारखाना वस्त्रांचा, पीलखाना हत्तींचा. यांतील बहुतेक शब्द फारसी वळणाचे असल्यामुळे शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात अशा शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. बारा महालांत कोठी, पागा, थट्टी, इमारत, टंकसाळ यांच्या जोडीला पालखी व बहिली असे दोन महाल आढळतात. बहिली म्हणजे रथ व गाड्या यांचे खाते. आज ज्यास आपण गॅरेज म्हणतो, त्याचा मराठी राज्यातील पूर्वज शोधावयाचा झाल्यास तो या बहिली महालात सापडेल. पुढे संस्थानी अमदानीत गाडीखाना, बग्गीखाना हे शब्द आले आणि मोटारींच्या आगमनानंतर मोटारखानाही आला. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस हे शब्द अपरिचित नसावेत.

तथापि साठवणीचे शास्त्र सर्वांत बारकाईने सांगितले आहे ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात. १७१५ सालच्या या ग्रंथात दुर्गांच्या प्रकरणी धान्यगृहे व इतर कोठारे कशी असावीत, याचा विचार केलेला आहे. अग्नी, उंदीर, किडा, मुंगी आणि वाळवी या पाच शत्रूंपासून माल वाचावा, म्हणून जमिनीवर दगडाची फरसबंदी करून घर पक्के बांधावे, असे त्यात सांगितले आहे. वाळवीचे नाव तेथे वाचताना आमची मान खाली गेली, हे कबूल केले पाहिजे.

दारूखान्याविषयी तर त्याहून अधिक दक्षता आहे. तो राहत्या घरापासून दूर असावा. त्याच्याभोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे. तळघरात गच्ची करून त्यावर माच घालावी आणि दारूची मडकी त्या माचेवर, जमिनीस न लागता, ठेवावीत. बाण आदी वस्तू निराळ्या ठेवाव्यात. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन माल बाहेर काढावा, ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावा. रात्रंदिवस पहारा असावा व परवानगीवाचून कोणास जवळ येऊ देऊ नये. यातील मर्म असे की, ज्वालाग्राही पदार्थ घरापासून अलग, जमिनीपासून उंच, ओलीपासून मुक्त आणि एका जबाबदार माणसाच्या नजरेखाली असला पाहिजे. पेट्रोल, रॉकेल, रंग, टर्पेंटाइन आणि गॅसचे सिलिंडर यांना हाच न्याय लागू पडतो.

शिवछत्रपतींचे चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांस गेलेले पत्रही या संदर्भात स्मरण्याजोगे आहे. पावसाळ्यासाठी जमवलेले दाणा, गवत वाटेल तसे उधळू नका. रात्री दिवा जळत ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीस आग लागेल. मग घोडी उपाशी मरतील आणि तुम्ही रयतेस त्रास द्याल, असा त्याचा भाव आहे. एका उंदरापासून रयतेच्या दुःखापर्यंतची साखळी त्या पत्रात उलगडली आहे. साठवणुकीतील ढिलाईची किंमत शेवटी भलत्याच माणसास द्यावी लागते, हे ज्या राजाने ओळखले, त्याच्या दृष्टीची थोरवी अशा लहान गोष्टींतही दिसते.

पन्हाळगडावरील अंबरखान्याच्या गंगा, यमुना व सरस्वती या तीन दगडी कोठ्या आजही पाहावयास मिळतात. त्यांतील गंगा कोठी सर्वांत मोठी. तिच्यात २५,००० खंडी धान्य मावत असे, असे सांगितले जाते. १६६० मध्ये सिद्दी जौहराच्या वेढ्यात मार्च ते जुलै असे कित्येक महिने गड झुंजला. तो केवळ तटबंदीच्या नव्हे, तर कोठारांच्याही बळावर.

आता राज्यातून घरात येऊ. देशावरील वाड्यात व कोकण-गोमंतकातील घरात साठवणीच्या जागा घराच्या रचनेतच गुंफलेल्या असत. भिंतीत कोनाडे, दिवळ्या आणि फडताळे, तुळईला खुंट्या, आढ्याखाली माळा, मांजराच्या आवाक्याबाहेर टांगलेले शिंके, माजघरात उतरंड, कोठीच्या खोलीत कणग्या, जाड भिंतीच्या पोटात बळद. कणगी बांबूच्या पट्ट्यांची विणून शेणमातीने लिंपलेली असे. गोमंतकात भाताच्या पेंढ्याने व दोरांनी आवळून बांधलेला मुडा, आमच्या कोंकणीतील मुडो, जमिनीपासून उंच ठेवीत. स्वयंपाकघराच्या वरचा माळो चुलीच्या धुराने कोरडा राही व त्या धुरामुळे किडीसही मज्जाव होई. आमच्या आजोबांच्या वह्या वाचल्या त्या बहुधा याच धुराच्या पुण्याईने. गॅसची शेगडी आली, धूर गेला आणि गृहिणीच्या डोळ्यांचे व छातीचे कल्याण झाले. त्याविषयी कोणी हळहळ करू नये. परंतु जुन्या व्यवस्थेतील एक रक्षक निघून गेला आणि त्याच्या जागी दुसरा नेमावयाचे आपण विसरलो, हेही तितकेच खरे.

देशावर कठीण मुरमाच्या जमिनीत पेव खणण्याची चाल होती. खड्डा आतून कडबा-गवताने मढवून, धान्य भरून तोंड मातीने बंद करीत. ते वर्षानुवर्षे टिके. परंतु पेवात एक घात दडलेला असे. बंद जागेत धान्याच्या श्वसनाने कार्बन डायऑक्साइड वायू साचतो व जड असल्यामुळे तळाशी राहतो. तोंड उघडताच आत उतरणारा माणूस गुदमरून प्राणास मुके. म्हणून जाणती माणसे तोंड उघडून वारा खेळू देत आणि दिवा आत सोडून तो विझतो की तेवतो हे पाहिल्याखेरीज उतरत नसत. पेवे गेली, पण धोका वेषांतर करून राहिला. दार लावलेल्या गॅरेजमध्ये मोटारीचे इंजिन चालू ठेवले असता कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. पेवात दिवा सोडणाऱ्या शेतकऱ्याचा शहाणपणा मोटारवाल्यानेही उचलला पाहिजे. दार उघडावे, इंजिन सुरू करावे आणि गाडी तत्काळ बाहेर काढावी.

या जुन्या घराचे केवळ गुणगान करावे, असे आमचे म्हणणे नाही. त्या व्यवस्थेमागे अनेकांचे, विशेषतः स्त्रियांचे, अखंड कष्ट होते. कणग्या लिंपणे, धान्य वाळवणे, पाखडणे, उन्हाळ्यात साठवणीचे पदार्थ करून बरण्या भरणे, हे सारे त्यांच्याच हातून होई. कोठीची किल्ली एकीच्या कमरेला आणि श्रम मात्र चौघींचे, असेही चित्र होते. कोणती वस्तू कोठे आहे, याचे ज्ञान घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या स्मरणात असे आणि ती गेली की ते ज्ञानही जाई. ज्या घरात ते लिहून ठेवले नाही, त्या घरात पुढील पिढीने केवळ खोकी पाहिली.

गोमंतकीय वाचकांस या विषयाची आणखी एक बाजू सांगणे अवश्य आहे. १५६० मध्ये कुशस्थळीच्या, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीच्या, श्रीमंगेशाचे लिंग भक्तांनी नदीपलीकडे अंत्रुज महालातील प्रियोळ येथे आणले. केळशीची श्रीशांतादुर्गाही त्याच काळातील संकटात कवळ्यास आली. परचक्र आले असता काय उचलावयाचे, हे ठरविण्यास अवधी नसतो. जे जवळ आहे आणि ज्याची जागा ठाऊक आहे, तेच हाती लागते. देव वाचले, ते त्या पिढीच्या निष्ठेने व धैर्याने. परंतु जुनी मंदिरे गेली आणि त्यांच्यासमवेत किती कागद, किती भांडी, किती कोरीव लाकूड गेले असेल, याचा विचार मनास चटका लावतो. आपल्या देवस्थानांत आजही पालखी, छत्रचामरे, अब्दागिरी, समया यांची ठेवण ठरलेली असते आणि महारथासाठी उंच घर असते. वर्षातून मोजक्या वेळी निघणारा रथ पुढील पिढ्यांनाही ओढता यावा, म्हणून चाके व दोर उत्सवाच्या आधी तपासून घेतात. देवाच्या गाडीखान्याची एवढी काळजी वाहणारे आपण आपल्या घरच्या गाडीखान्याविषयी उदासीन का?

गॅरेज हा शब्द फ्रेंच आहे. आसऱ्यास नेऊन ठेवणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो बनला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीबरोबर इंग्रजीत आला. आपल्या मराठीत तो मोटार दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानासही लागला. यात एक अर्थ दडला आहे. गॅरेज हे नुसते ठेवण्याचे ठिकाण नसून काम करण्याचे ठिकाणही होय. किंबहुना आधुनिक यंत्रयुगाचा बराचसा इतिहास अशा घरगुती जागांतच घडला. अमेरिकेतील डिट्रॉइट शहरी हेन्री फोर्ड यांनी आपली पहिली चारचाकी गाडी भाड्याच्या घरामागील विटांच्या कोठीत जुळविली. ४ जून १८९६ च्या पहाटे ती सिद्ध झाली, तेव्हा कोठीचे दार तिच्या रुंदीस पुरेना. मग कुऱ्हाडीने विटा पाडून ती बाहेर काढावी लागली. १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे ह्यूलेट व पॅकार्ड या दोघा मित्रांनी घरामागच्या लहानशा गॅरेजमध्ये विद्युत उपकरणे बनविण्यास प्रारंभ केला. ते गॅरेज पुढे ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन झाले.

आपल्याकडील उदाहरणेही कमी मोलाची नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा उगम १८८८ मध्ये बेळगावातील सायकलींच्या लहान दुकानात झाला. तेथूनच ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे व लोखंडी नांगराकडे वळले आणि बेळगावची जागा सोडावी लागल्यावर १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला, त्यामागे दादरच्या राहत्या घरात चाललेली खटपट होती. सरस्वतीबाई फाळके अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडीत, रसायने हाताळीत आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत. घरातील एक खोली आणि हाताशी असलेली हत्यारे, एवढ्या भांडवलावर एक कला जन्मास आली. हत्यार हाताशी नसेल तर उत्साह शोधाशोधीतच विरून जातो, हा आमचाही अनुभव.

या साऱ्या इतिहासातून जे शिकावयास मिळाले, ते आम्ही दिवाळीपूर्वी अमलात आणले. प्रथम सर्व सामान अंगणात काढून उन्हात पसरले. जे दोन-तीन वर्षांत वापरले नाही व ज्यात आठवणही नाही, ते गरजूंस दिले किंवा भंगारवाल्यास विकले. उरलेल्याची कौटिल्याच्या रीतीने विभागणी केली: शेतीची अवजारे, सुतारकामाची हत्यारे, सणासुदीचे सामान आणि कागदपत्र. जड वस्तू खाली, परंतु जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर ठेवल्या. हलक्या वस्तू माळ्यावर ठेवल्या. भिंत व फळी यांत चार बोटांचे अंतर सोडले, म्हणजे ओल व वाळवीची वाट दिसत राहते. हत्यारांसाठी भिंतीवर खुंट्यांची फळी ठोकली आणि प्रत्येक हत्याराची आकृती तिच्यावर रेखली. कोणते हत्यार परत आले नाही, हे लहान मुलासही कळते. खिडकीखाली कमरेइतक्या उंचीचे मेज मांडले. रंग व रॉकेल घराबाहेरील निराळ्या कपाटात गेले. कागदपत्र मात्र गॅरेजमध्ये ठेवावयाचेच नाहीत, असा निश्चय केला. ते राहत्या घरात, डोळ्यांसमोर आले. शेवटी एका वहीत सर्व वस्तूंची यादी करून ती दारामागे अडकविली आणि पावसाळ्यात दर पंधरवड्यास पाहणी करण्याचे काम घरातील तरुणाकडे सोपविले. आमचा हवालदार तो!

एवढे झाल्यावर मोटारीस जागा उरली काय, असे कोणी विचारील. उरली, अगदी दाटीवाटीने, पण उरली.

वाचलेल्या दोन वह्यांपैकी एकीत, एका उत्सवाच्या खर्चाखाली, आजोबांनी समयांची, घंटांची व सतरंज्यांची नोंद केली आहे. कोणती वस्तू कोणाच्या घरून आली व उत्सवानंतर कोणास परत पोचली, हे त्यांनी नावनिशीवार लिहिले आहे. उरलेल्या पाच वह्यांत कोणाची नावे होती, हे आता कधीच कळणार नाही. वाचकांच्या घरीही असा एखादा माळा, एखादी पेटी, एखादे गॅरेज असेल. येत्या पावसाळ्यापूर्वी ते एकदा उघडून पाहावे, एवढीच विनंती.